तिसऱ्या दिवसाची बरणी

आई गेल्यावर महिन्यानं मी तिची बॅग घेऊन एल मेलादोला निघाले. गावानं चर्चमध्ये तिच्या नावानं मिसा, म्हणजे प्रार्थना, ठेवली होती, दुपारी चारची. त्या निमित्तानं बॅग तिथल्या आरोग्यकेंद्रात देऊन टाकायची, असं मी ठरवलं होतं. आत झाकणाच्या पाच बरण्या होत्या, शहरात उकळून पाकिटांत बंद केलेले सुती लंगोट होते, सोनाराकडं असतो तसला लहान काटा होता, एक जाड वही होती आणि पावडरचा एक पत्र्याचा डबा होता. डब्याची मुदत संपायला अजून आठ महिने होते. असल्या बाबतीत आई कधी चुकत नसे. वाढदिवस मात्र विसरायची, माझाही आणि स्वतःचाही.

ती मुलांची डॉक्टर होती, आणि त्यातही आईबापांच्या रक्तातून उतरलेल्या आजारांची. तिनं ही शाखा धरली तेव्हा तिचे एक प्राध्यापक म्हणाले होते, "ऑफेलिया, त्या आजारांना नुसती नावं आहेत, औषधं नाहीत."

"मग निदान नावानं हाक तरी मारू," ती म्हणाली होती.

पुढं चाळीस वर्षं तिनं तेच केलं. शहरातल्या मुलांच्या इस्पितळात तळमजल्यावर, धुलाईघराला लागून तिची खोली होती. दहा दारं फिरून दमलेले आईबाप तिथं यायचे, आणि तपासायच्या आधी ती त्यांना म्हणायची, "काय काय आठवतं ते सांगा. मूर्खपणाचं वाटत असेल तर आधी तेच सांगा." मग तपकिरी कागदावर घराणं काढायला बसायची, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. तेच कागद घरी यायचे आणि जेवणाच्या टेबलावर पसरायचे.

"आउरा, ताट उचल," ती ओरडायची. "कुणाच्या तरी मावशीवर राजमा सांडशील."

मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासते. एकदा मी तिला म्हटलं, की आपण दोघी एकच काम करतो, चुकलेलं अक्षर शोधायचं. तिला ते आवडलं नाही. "चूक म्हणू नकोस, पाठभेद म्हण," ती म्हणाली. "त्या मुलांना कुणी चुकून छापलेलं नाही."

लाकडी बस घाट चढत होती आणि शेजारच्या बाईची कोंबडी माझ्या बॅगेवर बसली होती. आईनं हा प्रवास पंचवीस-सव्वीस वर्षं केला, वर्षाला दहा-बारा वेळा. त्याचं कारण सांगायचं तर एलिआसपासून सुरुवात करावी लागते.

एल मेलादो हे गुऱ्हाळांचं गाव. लहानमोठी अकरा गुऱ्हाळं आहेत, आणि त्यांतलं एखादं चुलवाण तरी रोज पेटलेलं असतं. घरांच्या भिंतींना, केसांना, कुत्र्यांनासुद्धा पाकाचा वास येतो. गावातल्या माणसांना मात्र तो येत नाही; जन्मापासून नाकात बसलेला वास कुणाला कळणार?

अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिथली बेतसाबे, गावात जिला मानानं 'दोन्या' म्हणतात, ती आपल्या लेकीचं चार दिवसांचं बाळ घेऊन शहरात आली. तोच हा एलिआस. दूध ओढत नव्हता, आणि अंग घटकेत ताठ, घटकेत लुळं. आईनं त्याला उचलून नाकाशी धरलं तर जळक्या साखरेचा वास आला. हा वास तिनं पुस्तकात वाचला होता. काही मुलांच्या शरीराला दुधातल्या, डाळीतल्या प्रथिनांचा एक भाग मोडता येत नाही. तो रक्तात साचतो आणि मेंदूला बाधतो. अशा मुलाच्या लघवीला पाकाचा वास येतो. हे तिला ठाऊक होतं. पण पुढचा प्रश्न तिनं विचारला तो असा:

"कुठल्या गावच्या तुम्ही?"

"एल मेलादोच्या."

"आणि बाळाला हा वास कधीपासून?"

"जन्मल्यापासून, डॉक्टरीणबाई," बेतसाबे अभिमानानं म्हणाली. "आमच्या घरातली कैक मुलं हा वास घेऊनच येतात. गुऱ्हाळाचा आशीर्वाद असतो तो."

आई हसली. बेतसाबेची शाल तिनं धुवायला पाठवली, बाळाला अंघोळ घालायला सांगितली आणि दुखण्याचं दुसरं कारण शोधायला लागली. दुसऱ्या दिवशी शाल धुतलेली होती, बाळ स्वच्छ होतं, आणि वास तसाच होता. एलिआस त्या संध्याकाळी गेला.

"वास मला आला होता," ती वर्षातून एकदा तरी म्हणायची. "पण कारण आयतं समोर होतं ना."

त्यानंतर ती एल मेलादोला गेली. बेतसाबेच्या ओसरीत बसून तिनं गूळ बांधायच्या कागदावर पाच पिढ्यांचं घराणं काढलं. बेतसाबेची स्वतःचीही दोन मुलं तान्हेपणी गेली होती. घरात सगळे म्हणायचे, थंडी बाधली. बेतसाबेनं विचारलं, "म्हणजे दोष माझ्या रक्तात?" आई तिला चरकापाशी घेऊन गेली. चरकाला दोन खेचरं जुंपलेली होती. "यांतलं एक लंगडं असलं तरी चरक फिरतो की नाही?" ती म्हणाली. "तुमच्याकडं एक लंगडं आहे, तुमच्या नवऱ्याकडंही एक होतं. दोघांची कामं कधी अडली नाहीत. ज्या मुलाच्या वाट्याला दोन्ही लंगडी आली, त्याचाच चरक थांबला. यात दोष कुणाला देता?" बेतसाबे खेचरांकडं बघून म्हणाली, "माझा नवरा मात्र दोन्ही पायांनी लंगडा होता, हे तुमच्या कागदावर लिहा."

तेव्हापासून गावात तिसरा दिवस पाळायला लागले. बाळ तीन दिवसांचं झालं की त्याला गावावरच्या खिंडीत न्यायचं, जिथं पलीकडच्या खोऱ्यातला वारा येतो आणि गुऱ्हाळांचा धूर पोचत नाही. तिथं स्वच्छ पाण्यानं अंघोळ घालायची आणि शहरातून आलेला कोरा लंगोट बांधायचा. तो ओला झाला की बरणीत घालून झाकण लावायचं आणि बरणी पंधरा मिनिटं उन्हात ठेवायची. मग बाहेरच्या माणसानं, ज्यानं दोन दिवसांत गावात पाऊल ठेवलेलं नाही आणि गुळाला तोंड लावलेलं नाही, त्यानं झाकण उघडून वास घ्यायचा. बाहेरचं माणूस म्हणजे आई. शाळेच्या फोनवरून निरोप यायचा आणि ती पहाटेची बस पकडायची. पुढं बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन कागदावर पाठवायची सोय झाली. पण कागद शहरात पोचून उत्तर यायला दहा दिवस लागतात, आणि हा आजार दहा दिवस थांबत नाही. एवढ्या वर्षांत बरणीनं तीन मुलं पकडली. तिघंही जिवंत आहेत, फक्त जन्मभर जेवण ग्रॅमवर मोजून खायचं. त्यांतली पहिली नोराइदा, बेतसाबेची नात, एलिआसची धाकटी बहीण.

बस थांबली तेव्हा फाट्यावर नोराइदाच उभी होती. चोवीस वर्षांची, हातात पिशवी, पिशवीत तिचा स्वतःचा तराजू. तिनं मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही.

"बाईंनी माझी वजनं कोण बघणार ते ठरवलंय का गं, ताई?"

"डॉक्टर फाब्रिसिओ. आईच्याच हाताखाली शिकलाय."

"तो? तो मला गेल्या वेळी म्हणाला, केळं एकशेदहा ग्रॅम. बाई एकशेवीस द्यायच्या. चिकट माणूस!"

बेतसाबेच्या घरी ओसरीत खुर्च्या मांडल्या होत्या. बेतसाबे आता अठ्ठ्याहत्तरची आहे, वाकली आहे, पण आवाज गुळव्याला हाक मारायचा तोच. तिनं माझे दोन्ही हात धरले. "तुझी आई हट्टी होती, पोरी," ती म्हणाली, "आणि अशी माणसं मेली की फार गैरसोय होते." मग वाफाळलेलं गुळाचं पाणी आणि चीजचा तुकडा समोर ठेवला. मी प्यायले. प्रवासानं घसा सुकला होता. पिता पिता मला आठवलं, की अठरा वर्षांची असताना मी आईबरोबर इथं आले होते, तेव्हा मला हाच पेला मिळाला होता आणि आईपुढं कडू काळी कॉफी ठेवली होती. बेतसाबेनं अजून तिला माफ केलेलं नाही, असं मी तेव्हा मनाशी धरलं होतं. आईला मी त्याबद्दल कधी विचारलं नाही.

आतल्या खोलीत पाळणा हलत होता.

"कुणाचं?" मी विचारलं.

"युलिएतचं. माझ्या मुलाची मुलगी ना, तिचं," बेतसाबे म्हणाली. "मुलगी झाली. इतकी शहाणी, रडतसुद्धा नाही."

नोराइदा दारातच थांबली. "आजी, ही कधी झाली?"

"सोमवारी."

आज गुरुवार होता. नोराइदानं बोटांवर दिवस मोजले नाहीत. तिनं सरळ माझ्या हातातला पेला काढून घेतला. "हिला गुळाचं पाणी कुणी दिलं? आजी, आज तिसरा दिवस आहे!"

"अगं, पाहुणी आहे ती. आणि तिसऱ्या दिवसाचं आता काय? बाई गेल्या. वर नेऊन कुणाच्या नाकाला लावणार? पाद्रीबाबांच्या? त्यांना स्वतःचे मोजे कळत नाहीत."

"हिचं नाक आहे की."

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, मी डॉक्टर नाही, मी पुस्तकं तपासते.

"ताई, नाकाला डिग्री लागते होय? बाईंनीच मला सांगितलं होतं, आउराचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे म्हणून."

ते खरं होतं. मी सतरा-अठरा वर्षांची असताना आईनं स्वयंपाकघरात तीन बरण्या मांडल्या होत्या: एकीत गूळ, दुसरीत बाजारातल्या काढेवालीकडची मेथी, तिसरीत इस्पितळातल्या आजारी मुलाच्या लघवीचा कापूस. डोळ्यांवर फडकं बांधून मला ओळखायला लावायची. गुळात धूर असतो आणि कच्च्या उसाचा हिरवटपणा असतो. आजारात तो नसतो, हे मला दोन दिवसांत कळलं. मेथी आणि आजार यांत मात्र मला कधीच फरक करता आला नाही. "मलाही येत नाही," आई म्हणाली होती. "तिथं नाकाचं काम संपतं."

मी पाळण्यापाशी गेले. बाळ झोपलेलं होतं. तळव्याला गुदगुल्या केल्या तर पाय हलला, पण उशिरानं, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. युलिएत खाटेवर बसली होती, एकोणीस वर्षांची, डोळ्यांखाली काळं. "सकाळपासून नीट प्यायली नाही," ती हळूच म्हणाली. "आजी म्हणते, झोपाळू आहे."

"वर जाऊ या," मी म्हटलं.

युलिएतचा नवरा वीलमार गुऱ्हाळावरून धावत आला, पाकानं चिकटलेल्या हातांनी, आणि जीप काढली. बेतसाबे वर येणार नव्हती. मग पुढच्या सीटवर येऊन बसली. "मी नुसती बसणार आहे," ती म्हणाली, "माझं मत मी बदललेलं नाही."

खिंडीत शाळेची एक खोली आहे आणि मोकळं मैदान. अकरा वाजले होते. नोराइदानं मला गावाच्या कपड्यांतून बाहेर काढलं, म्हणजे अक्षरशः: आईच्या बॅगेच्या कप्प्यात पाकिटबंद सदरा असायचा, तो मला घालायला लावला. खांदे मला सैल झाले. मग मिठाच्या पाण्यानं चार वेळा चुळा भरायला लावल्या आणि वाऱ्याकडं तोंड करून बसवलं.

"किती वेळ?"

"बाई दोन दिवस म्हणायच्या. तू दोन तास बस. बाई बघायला नाहीत."

त्यांनी बाळाला अंघोळ घातली, कोरा लंगोट बांधला. युलिएत पुन्हा पुन्हा पाजायचा प्रयत्न करत होती. नोराइदानं आपल्या डब्यातला उकडलेला कसाव्याचा कंद मोजून खाल्ला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की या गावात जिचं जेवण सोनाराच्या काट्यावर मोजतात अशी ती एकटीच राणी आहे.

"राणी कसली," बेतसाबे म्हणाली. "मांस तुला चालत नाही, तुझ्या लग्नाला एक डुक्कर वाचेल, एवढाच फायदा."

"नवरा तर आण आधी, आजी."

"आणते. पण लांबचा आणते. बाईंच्या कागदावर नसलेला."

वीलमार हसता हसता थांबला. तो त्या कागदावर होता. युलिएतही होती. लग्नाच्या आधी आईनं दोघांना समोर बसवून खेचरांची गोष्ट सांगितली होती, आणि दोघांनी मान डोलावून लग्न केलं होतं. वीस वर्षांच्या पोरांनी दुसरं काय करायचं?

एक वाजता लंगोट ओला झाला. नोराइदानं तो बरणीत घातला, झाकण लावलं आणि बरणी शाळेच्या पायरीवर उन्हात ठेवली. पंधरा मिनिटं नोराइदानं घड्याळावर मोजली.

मी झाकण उघडलं. धूर नव्हता. हिरवटपणा नव्हता. स्वयंपाकघरातली तिसरी बरणी होती.

मला वाटलं होतं त्यापेक्षा माझा आवाज शांत निघाला. "आहे," मी म्हटलं.

युलिएतनं बाळाला छातीशी आवळलं. बेतसाबे मात्र ताठ झाली. "मेथी!" ती म्हणाली. "युलिएत, तू काढा पितेस ना? सांग हिला."

युलिएतनं मान डोलावली. दूध वाढावं म्हणून तालुक्याच्या बाजारातून आजीनंच मेथी आणली होती. सोमवारपासून दोन वेळा.

"बघ!" बेतसाबेचा चेहरा एकदम मोकळा झाला. "आई मेथी प्यायली की बाळाला तसा वास येतो. तुझ्या आईनंच सांगितलं होतं आम्हाला. उगाच पोरीला दुधावरून तोडून सहा तासांचा रस्ता..."

ती बरोबर बोलत होती. आईच्या वहीतही ते लिहिलेलं होतं. मेथीनं हा वास येतो. बाळ झोपाळू असू शकतं. पहिलटकरणीला पाजायला जमत नाही. सगळं जुळत होतं. आता मी "हो, मेथीच असेल" म्हटलं असतं, तर चारच्या मिसेला सगळे वेळेवर पोचलो असतो, आणि मला तरी दोष कुणी दिला असता? मी मुद्रितं तपासणारी बाई. मला मनापासून वाटत होतं, की मेथीच असावी.

मग मला ती शाल आठवली.

"दोन्या बेतसाबे," मी म्हटलं, "अठ्ठावीस वर्षांपूर्वी आईला वास आला होता, आणि तिनं तुमची शाल धुवायला पाठवली होती. तेव्हा शाल होती. आज मेथी आहे."

वाऱ्यानं बेतसाबेचे पांढरे केस तोंडावर येत होते, ते तिनं बाजूला केले नाहीत.

"मेथी निघाली तर?" तिनं विचारलं.

"तर तुम्ही जन्मभर मला चिडवा. पेट्रोल माझं."

"जन्मभर म्हणजे माझा की तुझा?"

"तुमचा."

"मग काय, स्वस्तात सुटशील," असं म्हणून ती जीपमध्ये चढली. "वीलमार! काय बघतोस? चालू कर."

खिंडीत फोन लागतो. मी फाब्रिसिओला फोन केला; तो आता आईच्या खोलीत बसतो. त्यानं एकही जास्तीचा शब्द वापरला नाही. अंगावरचं दूध बंद. डब्यातली पावडर, वहीत शेवटच्या पानावर प्रमाण आहे, त्याप्रमाणे, चमच्याचमच्यानं. लगेच निघा, थांबू नका. मी वही उघडली. आईचं अक्षर तिथं नेहमीपेक्षा मोठं आणि सुटं होतं, घाबरलेल्या माणसाला वाचता यावं असं. एकही मुद्रणदोष नव्हता. नोराइदानं जीपच्या टपावर आपला तराजू ठेवून पावडर मोजली. तिच्याइतकं अचूक मोजणारं माणूस त्या डोंगरात दुसरं नाही.

"तू हेच पिऊन मोठी झालीस?" युलिएतनं विचारलं. ती रडत होती.

"हेच. चव घाणेरडी आहे. पण बघ किती देखणी निघाले."

सहा तासांचा रस्ता वीलमारनं पाच तासांत कापला. वाटेत कुठल्यातरी गावात चारची घंटा झाली आणि बेतसाबेनं क्रूसाची खूण केली. "तुझ्या आईची मिसा सुरू झाली," ती म्हणाली. "आपण नाही म्हणून आज तिथं सगळे सुरात गातील." बाळ चमच्यातलं थोडं गिळत होतं, थोडं सांडत होतं. पाचव्या-सहाव्या चमच्यानंतर ते तोंड वाकडं करायला लागलं, आणि नोराइदा खूष झाली. "चव कळली हिला!"

फाब्रिसिओ धुलाईघरापाशी उभाच होता. तो हात पुढं करणार तेवढ्यात बेतसाबेनं आपली शाल अंगावरून काढली, घडी केली आणि बाजूच्या बाकावर लांब ठेवली. "ही बाळापासून लांबच राहू दे," ती त्याला म्हणाली. "आता बाळाचा वास घ्या. आणि मला गाव विचारू नका."

त्यानं विचारलं नाही. वास घेतला, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि बाळाच्या लघवीचे थेंब एका नळीत घेऊन त्यात पिवळं औषध सोडलं. ते स्वच्छ राहिलं असतं, तर मेथी. आम्ही पाचजण त्या नळीभोवती डोकी घालून उभे होतो. काही क्षण ते स्वच्छ राहिलं. मग हळूहळू गढूळ झालं, ताकासारखं.

"तिसराच दिवस ना?" फाब्रिसिओ म्हणाला. "मग वेळेत आलात. फार वेळेत."

रक्ताचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला आणि त्यात तेच होतं. पण त्या आधीच, सकाळी नऊच्या सुमाराला, बाळानं पहिल्यांदा खणखणीत टाहो फोडला. इतका, की धुलाईघरातल्या बायका हातातली चादर टाकून दारात आल्या. युलिएत बाकावर बसून हसत होती आणि रडत होती. बेतसाबे म्हणाली, "शहाणी आहे म्हणत होते मी. चुकलंच माझं. ही अगदी माझ्यावर गेलीय."

मी बाहेर पडून आईच्या खोलीच्या पायरीवर बसले. महिनाभर मला रडू आलं नव्हतं. लोक येऊन म्हणायचे, किती धीराची आहेस, आणि मी त्यांना कॉफी द्यायची. त्या पायरीवर मला पुरेसं रडता आलं. धुलाईघरातल्या एका बाईनं इस्त्रीचा गरम रुमाल आणून दिला आणि काही न विचारता परत गेली.

बॅग मी आरोग्यकेंद्रात दिली नाही.

दोन महिन्यांनी गावानं मिसा पुन्हा ठेवली. पहिल्या मिसेला मुख्य माणसंच नव्हती, म्हणून ती पाद्रीबाबांनी धरली नाही. मधल्या काळात शाळेच्या फोनवरून मला दोनदा निरोप आला होता आणि मी दोनदा पहाटेची बस पकडली होती. दोन्ही बरण्यांत बाळाच्या मुताशिवाय कसलाही वास नव्हता, आणि इतका आनंद मला कुठल्या सुवासानं झालेला नाही. प्रकाशनसंस्थेला मी सांगून ठेवलंय, की मुद्रितं एखाद दिवस थांबतात.

मिसा झाल्यावर बेतसाबेच्या ओसरीत सगळे जमले. बाळ युलिएतच्या मांडीवर होतं, गाल वर आलेले, मुठीत आईचे केस.

"तुझ्या आईचं नाव ठेवायचं होतं हिचं," बेतसाबे मला म्हणाली. "पण युलिएतनं ठेवलं शार्लिन. टीव्हीवर कुणी बाई आहे म्हणे, नवरे बदलते."

"आईला चाललं असतं," मी म्हटलं. "ती नावं विसरायचीच."

गुळाच्या पाण्याचे पेले फिरायला लागले. पाद्रीबाबांना मिळाला, वीलमारला मिळाला, फाब्रिसिओ आला होता, त्याला मिळाला आणि त्यानं नोराइदाकडं बघत अर्धा सांडला. नोराइदानं त्याला विचारलं, की हे सांडलेलं किती ग्रॅम झालं. ताट माझ्यासमोर आलं, मी हात पुढं केला, आणि बेतसाबेनं ताट पुढं सरकवलं.

"तुला नाही."

"का?"

"उद्या कुणी बाळंत झालं तर?"

ती आत गेली आणि चुलीवरून काळ्या कॉफीचा पेला घेऊन आली. बिनगुळाची, कडू. कडा जरा उडालेला तो पेला मी ओळखला. अठरा वर्षांची असताना मी तो आईच्या हातात पाहिला होता.

"तिला कधीच आवडली नाही ही कॉफी," बेतसाबे म्हणाली. "दर वेळी तोंड वाकडं करायची, आणि सगळी प्यायची."

मी तोंड वाकडं केलं आणि सगळी प्यायले.